रुग्णाच्या उशाशी जर्मन भाषा

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरच्या रस्त्यावर, यशवंतपूर नावाचा गजबजलेला भाग आहे. मराठी प्रवाशांना हे नाव बहुधा रेल्वेच्या वेळापत्रकामुळे परिचित असते. मिरज, बेळगाव, हुबळी अशी स्थानके मागे टाकीत दक्षिणेकडे निघालेल्या गाड्यांपैकी कित्येक गाड्या येथे थांबतात. स्थानकापासून जवळच कांदा, बटाटा व धान्य यांची मोठी बाजारपेठ आहे, पलीकडे पीण्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि या साऱ्या वर्दळीत मोठमोठी रुग्णालये उभी आहेत. अशा ठिकाणच्या रुग्णालयात पाळीवर येणाऱ्या परिचारिकेच्या कानांवर एका दिवसात कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी आणि मराठी इतक्या भाषा पडू शकतात. ‘एल्लि नोवु?’, म्हणजे ‘कोठे दुखते?’, हा कन्नड प्रश्न, तिची मातृभाषा कोणतीही असो, तिला पहिल्या आठवड्यातच शिकावा लागतो. रुग्णसेवेचा आरंभच मुळी या एका प्रश्नापासून होतो.

अलीकडे अशा पुष्कळ भारतीय परिचारिका हाच प्रश्न आणखी एका भाषेत विचारावयास शिकत आहेत. ‘वो टूट एस वे?’ असे त्या प्रश्नाचे जर्मन रूप आहे. जर्मनीत वृद्धांचे प्रमाण वाढत आहे आणि तेथील रुग्णालयांना व वृद्धाश्रमांना पुरेशा परिचारिका मिळत नाहीत. म्हणून त्या देशाने बाहेर पाहण्यास प्रारंभ केला. केरळच्या ‘नोर्का’ या संस्थेशी २०२१ च्या अखेरीस परिचारिकांविषयी करार झाला. ५ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीत भारत व जर्मनी यांच्या स्थलांतरविषयक करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, आणि त्यातही परिचारिकांचा समावेश आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवावयाची तर सामान्यतः युरोपीय मोजपट्टीवरील ‘बी-दोन’ या पायरीपर्यंत भाषा यावी लागते. डॉक्टरांसाठी तर व्यावसायिक भाषेची निराळी परीक्षा असते. तीत वीस मिनिटे रुग्णाशी संभाषण, वीस मिनिटे लेखन आणि वीस मिनिटे दुसऱ्या डॉक्टराशी चर्चा करावी लागते. परीक्षेची ही रचनाच सांगते की, वैद्यकीय भाषा ही एक भाषा नसून किमान दोन भाषा आहेत. एक रुग्णाशी बोलण्याची, दुसरी सहकाऱ्याशी बोलण्याची.

मराठी माणसाला जर्मन भाषा नवी नाही. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक विष्णू सीताराम सुखटणकर यांनी बर्लिनमध्ये अध्ययन केले होते. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या रचनेसंबंधी प्रबंध लिहून दोन वर्षांनी परतल्या. त्या पिढीला मुख्यतः जर्मन ग्रंथ वाचावयाचे होते. ग्रंथ वाचताना शब्द अडला तर कोश उघडता येतो, कारण पान वाचकासाठी थांबून राहते. रात्री दोन वाजता छातीवर हात ठेवून काही सांगू पाहणारा रुग्ण मात्र थांबू शकत नाही. आजच्या परिचारिकेचे जर्मन शिकणे आणि त्या विद्वानांचे जर्मन शिकणे यांत हा मोठा फरक आहे.

प्रथमदर्शनी हे काम सोपे वाटते. भारतात परिचर्येचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होते, आणि इंग्रजीतील वैद्यकीय संज्ञा बहुतांशी ग्रीक व लॅटिन मुळांच्या आहेत. जर्मन डॉक्टरही त्याच संज्ञा थोड्या निराळ्या उच्चारांनी वापरतात. न्यूमोनियाला ते ‘प्नॉयमोनी’ म्हणतात, अपेंडिसायटिसला ‘आपेंडित्सीटिस’ म्हणतात, आणि डायबिटिस तर ‘डिआबेटेस’ या रूपात सहज ओळखू येतो. तेव्हा निम्मी शब्दसंपत्ती आधीच पदरात पडली, असे शिकणारीला वाटते. परंतु खाटेवरचा रुग्ण यांपैकी एकही शब्द उच्चारीत नाही. त्याच्या बोलण्यात न्यूमोनिया म्हणजे ‘लुंगेनएंटत्स्युंडुंग’, अपेंडिसायटिस म्हणजे ‘ब्लिंडडार्म’ची सूज, आणि मधुमेह म्हणजे ‘त्सुकरक्रांकहाइट’. इंग्रजीच्या आधाराने आलेली परिचारिका डॉक्टरांच्या टिपणापाशी निर्धास्त असते आणि रुग्णापाशी मुकी होते.

हे दोन थर जर्मन भाषेत फार जुने आहेत. युरोपातील विद्यापीठांत वैद्यक शतकानुशतके लॅटिनमधून शिकविले जात असे. १५२७ साली पाराझेल्सुस या वैद्याने बाझेल येथे जर्मनमधून व्याख्याने देण्यास सुरुवात केली, तेव्हा तो विद्वानांच्या दृष्टीने उद्धटपणाच ठरला. पुढे जर्मन ही विज्ञानाची एक मोठी भाषा झाली, तथापि रोगांची विद्वन्मान्य नावे परकीय मुळांचीच राहिली, आणि घरातील माणसे आपल्या जुन्या जोडशब्दांनी दुखणी सांगत राहिली. मराठीची स्थिती याहून निराळी नाही. आपल्याकडेही पुस्तकात ‘कांजिण्या’ला एक नाव असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीत दुसरे, आणि आजीच्या तोंडी तिसरे. ज्याने मराठीत हे थर ओलांडले आहेत, त्याला जर्मनमधील थर ओळखता आले पाहिजेत.

येथेच मातृभाषेचा पहिला उपयोग दिसतो. जर्मन भाषा शब्दाला शब्द जोडून नवा शब्द घडविते, आणि हा व्यवहार समासांवर वाढलेल्या मराठी माणसाला परका वाटू नये. ‘कोप्फ’ म्हणजे डोके व ‘श्मेर्त्सन’ म्हणजे वेदना, त्यांपासून ‘कोप्फश्मेर्त्सन’ झाला. आपला ‘डोकेदुखी’ हा शब्द नेमका तसाच घडला आहे, आणि यशवंतपूरच्या रुग्णाचा ‘तलेनोवु’ हा कन्नड शब्दही तसाच आहे. दातदुखी, पोटदुखी, पाठदुखी यांच्या जर्मन जोड्या अवयवाचे नाव ठाऊक झाले की आपोआप तयार होतात. ‘ब्लूटड्रुक’ म्हणजे अक्षरशः रक्तदाब. ‘त्सुकरक्रांकहाइट’ म्हणजे साखरेचा आजार, आणि कन्नडमध्ये मधुमेहाला ‘सक्करे कायिले’ म्हणतात, त्याचाही शब्दशः अर्थ तोच. वृद्ध जर्मन रुग्ण ‘इश हाबे त्सुकर’, म्हणजे ‘मला साखर आहे’, असे सांगतो, तेव्हा आपल्याकडील ‘मला शुगर आहे’ हे वाक्य आठवल्याखेरीज राहत नाही.

जुन्या रोगनामांत हे साम्य अधिकच खोल जाते. क्षयाला पूर्वी जर्मनमध्ये ‘श्विंटझुख्ट’ म्हणत. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ झिजत जाणे, क्षीण होणे असा आहे. म्हणजे दोन्ही समाजांनी रोग्याकडे पाहून एकच गोष्ट टिपली. कर्करोगाला जर्मनमध्ये ‘क्रेब्स’ म्हणतात, आणि क्रेब्स म्हणजे खेकडा. आपल्या ‘कर्क’ या पदाचाही अर्थ तोच. या दोन्ही शब्दांच्या मागे प्राचीन ग्रीक वैद्यांनी दिलेले खेकड्याचे नाव उभे आहे.

मात्र सर्वत्र असे घडत नाही, आणि जेथे दोन भाषांची दृष्टी फाकते तेथे शिकणारीने थोडे थबकावे. आपण ज्या रोगाला ‘नागीण’ म्हणतो, त्याला कन्नड माणूस ‘सर्पसुत्तु’, म्हणजे सापाचा वेढा, म्हणतो. दक्षिणेत व महाराष्ट्रात लोकांना कमरेभोवती उठणाऱ्या त्या पुरळात साप दिसला. जर्मन लोकांना तेथे फूल दिसले. त्यांचा शब्द ‘ग्युर्टेलरोझे’, म्हणजे कमरपट्ट्याचा गुलाब. वेदना तीच, दाह तोच, परंतु प्रतिमा अगदी निराळी. आपली ‘उसण’ भरते, जर्मन माणसाला मात्र ‘हेक्सेनशुस’ होतो, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण लागतो. पायाला झालेले ‘कुरूप’ हे जर्मनीत ‘ह्यूनरआउगे’, म्हणजे कोंबडीचा डोळा असते. असे शब्द पाठ करावे लागत नाहीत. एकदा त्यांतील चित्र डोळ्यांपुढे आले की ते विसरणेच कठीण होते.

क्ष-किरणांची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. विल्हेल्म रोंटगेन याला १८९५ साली हे किरण आढळले. त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे त्याने त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. इंग्रजीने ते अक्षर ठेवले. मराठीने त्याचा अनुवाद करून ‘क्ष’ केला. जर्मन लोकांनी मात्र संशोधकाचेच नाव किरणांना दिले आणि त्यापासून क्रियापदही बनविले. म्हणून जर्मन रुग्णालयात ‘एक्स-रे’ हा शब्द शोधणाऱ्या परिचारिकेला ‘रोंटगेन’ हाच शब्द ऐकावयाची सवय करावी लागते.

नामांपाठोपाठ वाक्ये येतात, आणि खरी भाषा तेथे सुरू होते. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन आपल्या दुखण्याचे वर्णन करतो. मराठीत दुखणे माणसाकडे येते. ‘मला थंडी वाजते’, ‘मला मळमळते’, ‘मला चक्कर येते’ या वाक्यांत माणूस चतुर्थी विभक्तीत बसलेला असतो, कारण जे घडते आहे ते त्याच्या इच्छेने घडत नाही. कन्नडमधील ‘ननगे’ हे रूपही असेच आहे. आता जर्मन वाक्ये पाहावीत. ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणजे मला थंडी वाजते. ‘मीर इस्ट यूबेल’ म्हणजे मला मळमळते. ‘मीर इस्ट श्विंडलिश’ म्हणजे मला गरगरते. येथील ‘मीर’ हे रूप आपल्या ‘मला’चे सख्खे भावंड आहे. इंग्रजीच्या वळणाने जाऊन ‘इश बिन काल्ट’, म्हणजे ‘मी थंड आहे’, असे म्हणणारी व्यक्ती जर्मन माणसाला आपण भावनाशून्य असल्याचे सांगते. मराठीतून थेट जर्मनमध्ये आलेल्या विद्यार्थिनीने ही चूक करण्याचे कारणच नाही. इंग्रजीच्या पुलावरून जाण्याची सवय लागल्यामुळे ती होते.

व्याकरणातील लिंगांविषयीही असेच म्हणता येईल. ‘डेर’, ‘डी’, ‘डास’ या तीन उपपदांची विद्यार्थ्यांना धास्ती वाटते. परंतु मराठीतही तीन लिंगे आहेत, आणि निर्जीव वस्तूंनाही ती लागतात. दात दोन्ही भाषांत पुल्लिंगी, जीभ दोन्हींत स्त्रीलिंगी, रक्त आणि हृदय दोन्हींत नपुंसकलिंगी. सर्वत्र असा मेळ बसणार नाही. गुडघा आपल्याकडे पुल्लिंगी तर जर्मनमध्ये ‘क्नी’ नपुंसकलिंगी आहे. तथापि वस्तूला लिंग असते ही कल्पना मराठी माणसाला नव्याने शिकावी लागत नाही. शिवाय ‘क्नी’ आणि संस्कृत ‘जानु’, ‘नाझे’ आणि ‘नासा’, ‘त्सान’ आणि ‘दन्त’, ‘फूस’ आणि ‘पाद’ हे शब्द एकाच आदिम कुळातील आहेत. १८१६ साली फ्रान्त्स बोप याने संस्कृत व युरोपीय भाषांच्या क्रियापदांची तुलना प्रसिद्ध केली, आणि हे नाते पद्धतशीरपणे उलगडू लागले.

आता जेथे चूक जिवाशी येऊ शकते अशा प्रदेशाकडे वळावयास हवे. तो प्रदेश म्हणजे संख्या. जर्मन भाषा चोवीस या संख्येचा उच्चार ‘फीर-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे ‘चार आणि वीस’, असा करते. एकक आधी, दशक नंतर. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये मनातल्या मनात मोजणारी परिचारिका घाईत २४ ऐवजी ४२ लिहू शकते, आणि ती संख्या इन्शुलिनच्या मात्रेची असेल तर अनर्थ ओढवतो. परंतु मराठी ‘चोवीस’ हा शब्द तरी कसा बनला आहे? आधी चार, मग वीस. ‘बेचाळीस’मध्ये आधी दोन, मग चाळीस. ‘पस्तीस’, ‘पंचेचाळीस’, ‘सत्तावन्न’ या साऱ्यांची बांधणी जर्मन पद्धतीचीच आहे. केवळ एकोणतीस, एकोणचाळीस अशा उण्याच्या संख्या निराळ्या पडतात. जर्मन संख्या ऐकताना परिचारिकेने इंग्रजी बाजूला ठेवून मराठीत लिहिले, तर अंक उलटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

घड्याळाच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरी हवी. जर्मन माणूस ‘हाल्ब आख्ट’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे आठ’, आणि अभिप्रेत वेळ साडेसात. म्हणजे आठवा तास अर्धा झाला, असा त्यामागचा विचार. आपण साडेसात म्हणताना सातांत अर्धा मिळवितो, म्हणून ‘आख्ट’ हा आकडा कानी पडताच मराठी मनात साडेआठ उभे राहतात, आणि औषध एक तास उशिरा दिले जाते. गंमत अशी की, मोजण्याची हीच जर्मन रीत आपल्या भाषेत एकेकाळी होती. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यापासून आला. तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. ‘दीड’च्या मुळाशीही ‘द्व्यर्ध’ आहे, आणि दीडसाठी जर्मन शब्द ‘आंडर्टहाल्ब’, म्हणजे ‘दुसरा अर्धा’. हे ध्यानात ठेवले की ‘हाल्ब आख्ट’ परके राहत नाही. लेखनातही एक खाचखळगा आहे. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात आणि हजार दाखविण्यासाठी टिंब देतात. अडीच मिलिग्रॅम तेथे २,५ असे लिहिले जाते, आणि १.००० म्हणजे एक नव्हे, एक हजार.

इंग्रजीशी असलेले वरवरचे साम्य फसविते ते असे. ‘गिफ्ट’ या जर्मन शब्दाचा अर्थ भेटवस्तू नसून विष आहे. ‘बेकोमेन’ म्हणजे बनणे नव्हे, मिळणे. रुग्णाला गोळी ‘बेकोमेन’ होते, म्हणजे मिळते. ‘न्युष्टर्न’ म्हणजे शुद्धीवर असलेला, न प्यालेला, आणि रुग्णालयात त्याचा अर्थ उपाशीपोटी. रक्ततपासणीस किंवा शस्त्रक्रियेस येताना रुग्णाने ‘न्युष्टर्न’ असावे, ही सूचना कळली नाही तर सारा दिवस वाया जाऊ शकतो. मराठीही एके ठिकाणी फसविते. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला असतो, आणि ‘पाय’ही तसाच. जर्मनमध्ये दंड व बाहू यांना ‘आर्म’ आणि पंजाला ‘हांट’ म्हणतात, तसेच तंगडीला ‘बाइन’ आणि पावलाला ‘फूस’. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्गमधील श्वाबेन भागात गेल्यावर विद्यार्थिनीला आश्चर्याचा धक्का बसेल. तेथील बोलीत ‘फूस’ म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंतचा सारा पाय, अगदी मराठीतल्यासारखा. श्वाबेनची आजी ‘फूस दुखतो’ म्हणाली, तर नेमके कोठे ते विचारावे. आपण आपल्या आजीलाही तसेच विचारतो.

दुखण्याचे प्रकार सांगण्यात मराठी भाषा फार श्रीमंत आहे. कळ, चमक, सणक, ठणका, ठुसठुस, जळजळ, चुरचुर, मुरडा, पेटका, रग, असे कितीतरी शब्द आपण विचारही न करता वापरतो. प्रत्येक शब्द वैद्याला रोगाविषयी काही ना काही सांगत असतो. जर्मन रुग्णही वेदनेला विशेषणे लावतो. ‘श्टेशेन्ट’ म्हणजे टोचणारी, आपली चमक तिच्या जवळची आहे. ‘ब्रेनेन्ट’ म्हणजे जळजळीची, ‘पोखेन्ट’ म्हणजे ठणक्याची. ‘ड्र्युकेन्ट’ म्हणजे ओझे ठेवल्यासारखी दाबणारी, ‘डुम्प्फ’ म्हणजे मंद व खोल. छातीत टोचते म्हणणारा रुग्ण आणि छातीवर दाब येतो म्हणणारा रुग्ण यांच्याकडे सारख्याच घाईने पाहून चालत नाही. दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत हृदयविकाराची शंका तत्काळ घ्यावी लागते. ज्या परिचारिकेला केवळ ‘श्मेर्त्स’ हा एकच शब्द येतो, तिच्या नोंदवहीत दोघांचेही दुखणे एकसारखे लिहिले जाते. विशेषण हे येथे अलंकार नसते. उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

काही तक्रारींना दुसऱ्या भाषेत शब्दच नसतो. ‘पित्त झाले’, ‘उष्णता झाली’, ‘अंगात कणकण आहे’ ही मराठी वाक्ये जर्मन डॉक्टरास समजावणे कठीण. त्याचप्रमाणे जर्मन माणूस वारंवार आपल्या ‘क्राइसलाउफ’विषयी बोलतो. शब्दशः अर्थ रक्ताभिसरण. परंतु उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, गळून जाणे, हवा बदलल्याने अस्वस्थ वाटणे हे सारे तो त्या एका शब्दात भरतो. कोश येथे अपुरा पडतो. तो माणूस नेहमी केव्हा हा शब्द उच्चारतो, हे पाहूनच अर्थ लावावा लागतो.

शरीरधर्मांविषयी सर्वच समाज आडवळणाने बोलतात. आपल्या खेड्यांतील वृद्ध ‘परसाकडे’ जातात. जर्मन वृद्ध ‘पाणी सोडतात’, म्हणजे लघवी करतात. शौचाला डॉक्टर ‘श्टूलगांग’ म्हणतात, आणि त्यातील ‘श्टूल’ या पदाचा मूळ अर्थ खुर्ची. ‘इश मुस माल’, म्हणजे ‘मला जरा जावे लागेल’, एवढेच म्हणून एखादी वृद्धा थांबते. कोठे जावयाचे ते ती सांगत नाही. ज्या परिचारिकेला हे अर्धे वाक्य कळत नाही, तिच्यामुळे त्या वृद्धेवर अंथरूण ओले करण्याची लाजिरवाणी वेळ येते. भाषेतील एवढीशी उणीव एका माणसाची प्रतिष्ठा घालवू शकते.

या ठिकाणी दोन देशांच्या रुग्णालयांतील एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. आपल्याकडे रुग्णाला भरविणे, अंग पुसणे, केस विंचरणे ही कामे पुष्कळदा उशाशी बसलेले नातेवाईक करतात, आणि परिचारिका सुया, सलाईन, औषधे व नोंदी यांत गुंतलेली असते. जर्मनीत ही सारी मूलभूत शुश्रूषा परिचारिकेच्या कर्तव्याचाच भाग आहे. त्यामुळे तेथे गेल्यावर तिला प्रथम लागणारे शब्द शस्त्रक्रियेचे नसतात. अंग पुसण्याचे फडके, कंगवा, कवळी, चष्मा, कानातले यंत्र, सपाता, उशी, पांघरूण यांचे शब्द तिला आधी लागतात. पाठ्यपुस्तकांतील रोगांच्या यादीपेक्षा ही घरगुती यादी अधिक निकडीची आहे. अवयवांची नावेही क्रमाने पाठ करण्याऐवजी सकाळी रुग्णाचे अंग पुसताना डोक्यापासून पावलापर्यंत उच्चारली, तर ती शब्द आणि कृती यांच्या जोडीने पक्की होतात.

संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. यशवंतपूरची परिचारिका वृद्ध रुग्णाला ‘अज्ज’ किंवा ‘अज्जी’ म्हणते, मराठी परिचारिका ‘आजोबा’, ‘मावशी’ म्हणते. त्यात आदरही असतो आणि जिव्हाळाही. जर्मनीत अनोळखी वृद्धेला ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हटले तर तो अपमान समजला जातो. तेथे ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’ लावून आडनावाने बोलावयाचे आणि ‘झी’ हे आदरार्थी सर्वनाम वापरावयाचे. सुदैवाने ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत वाढलेल्या मराठी माणसाला ‘डू’ आणि ‘झी’ यांतील अंतर समजावून द्यावे लागत नाही. रुग्णाकडून तिला मिळणारे संबोधनही बदलत गेले आहे. जुन्या पिढीतील रुग्ण आपल्याकडच्या ‘सिस्टर’प्रमाणेच तिला ‘श्वेस्टर’, म्हणजे बहीण, म्हणतात. मात्र कायद्याने तो शब्द मागे टाकला असून १ जानेवारी २०२० पासून नव्या शिक्षणक्रमानुसार तयार होणाऱ्या परिचारिकेस ‘फ्लेगेफाखफ्राउ’, म्हणजे शुश्रूषेतील तज्ज्ञ स्त्री, असे पद मिळते. एका शब्दात नाते आहे, दुसऱ्यात व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. शहाणी परिचारिका दोन्ही हाकांना ओ देते.

या साऱ्या विवेचनातून शिकण्याची एक रीत आपोआप सिद्ध होते. रोगाचे प्रत्येक नाव दोनदा शिकावे, एकदा डॉक्टरांच्या तोंडचे आणि एकदा रुग्णाच्या. सुटा शब्द न शिकता तो ज्या वाक्यातून येतो ते वाक्य शिकावे. संख्या आणि वेळा ऐकल्याबरोबर पुन्हा मोठ्याने उच्चारून खात्री करून घ्यावी, कारण त्यात कमीपणा काहीच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मातृभाषेला वर्गाच्या दाराबाहेर ठेवू नये. परकी भाषा शिकताना मराठी विसरावी, इंग्रजीतूनच विचार करावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. परंतु डोकेदुखीचा समास, ‘मला’ची चतुर्थी, चोवीस ही संख्या, तीन लिंगे, आदरार्थी सर्वनाम यांपैकी कोणत्याही ठिकाणी इंग्रजीची वाट जवळची नाही. ज्या भाषेत परिचारिका लहानपणी स्वतः आजारी पडली होती, त्याच भाषेने तिला दुसऱ्याचे दुखणे समजून घेण्याची पहिली तयारी दिलेली असते.

उतारवयात स्मृती ढळू लागली म्हणजे माणसाची नंतर शिकलेली भाषा आधी गळून जाते आणि बालपणीची बोली शेवटपर्यंत उरते, असा अनुभव स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत पुष्कळ ठिकाणी येतो. अशा रुग्णाशेजारी बसलेल्या परक्या देशातील तरुणीला त्याचे सर्व शब्द कळतील असे नाही. परंतु ‘वो टूट एस वे?’ हा प्रश्न तिने संथपणे विचारला, उत्तराची वाट पाहिली आणि निघताना ‘गूटे बेसरुंग’, म्हणजे ‘लवकर बरे वाटो’, असे म्हटले, तर आपले दुखणे कोणीतरी ऐकून घेतले एवढे त्याला खचित कळते. लहान मूल शिंकले की आपली वडील माणसे ‘शतंजीव’ म्हणतात. शिंकणाऱ्याला जर्मन माणसे ‘गेझुंटहाइट’, म्हणजे ‘आरोग्य’, असे म्हणतात. दुसऱ्याने बरे असावे, ही इच्छा दोन्ही भाषांत आधीपासूनच आहे. शिकावयाचे उरतात ते तिचे शब्द.